तटतटलेली कास

मंगळवार पेठेतल्या आकारामचं प्रेम म्हशीवर नव्हतं, तिच्या कासेवर होतं. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस उभी करायची, तालमीतून येणाऱ्या गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात द्यायचा, हा त्याचा धंदा. कास जितकी तटतटलेली तितका मालक थोर, अशी त्याची समजूत. म्हणून या शहाण्यानं सकाळची धारच बंद केली. संध्याकाळी म्हैस अवघडून पाय फाकत निघायची आणि हा पुढं छाती काढून, जणू ते दूध यानंच तयार केलंय.

हळूहळू दूध घटू लागलं. मुलगी क्रांती विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकत होती. ती म्हणाली, "आबा, सकाळी धार काढा. आटंल ती."

"आणि कट्ट्यावर लोंबती कास न्हेऊ व्हय? पैलवान हसतील की!"

क्रांतीनं समजावलं. धार काढली की म्हशीच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. कासेतल्या पेशींवर त्याचे ग्राही, म्हणजे त्याला नेमके पकडणारे रेणू, असतात. ते ग्राहीला चिकटलं की निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि केसीन हे दुधातलं प्रथिन बनवणारं जनुक चालू होतं. कास सतत भरलेली राहिली, तर ताणलेल्या पेशींत हा निरोप क्षीण होतो, जनुक थंडावतं.

"म्हैस माझी आणि निरोप तुझा व्हय गं? लईच झालं, तर सुई मारतो. पान्हा सोडतीय का न्हाय बघ."

"सुईनं साठलेलं खाली येतंय, आबा. नवं बनत न्हाय. वर गुन्हा हाय त्यो."

आकाराम ऐकेल तर कसला! ज्याला भरलेलं दिसणं म्हणजेच भरलेलं असणं वाटतं, त्याला पेशीच्या आतलं काय दिसणार?

एका संध्याकाळी रोजचे गिऱ्हाईक अण्णासो पैलवान पेला धरून उभे राहिले. आकारामनं चारी सड ओढले. पेल्याचा तळसुद्धा झाकला गेला नाही.

"आकाराम, म्हैस आणलीस का तिचा फोटू?" म्हणत अण्णासो शेजारच्या म्हशीकडं वळले. अख्खा कट्टा हसला.

दुसऱ्या सकाळी क्रांतीनं म्हशीखाली बादली ठेवली. "आबा, अजून येळ गेली न्हाय. रोज दोन टायम धार काढली तर सावरंल बी."

"दृष्ट लागलीया तिला. तुला काय कळतंय?" आकाराम म्हणाला. त्यानं बादली ओढली, पालथी घातली आणि तिच्यावर आरामात बसून म्हशीच्या पायाला काळा दोरा बांधू लागला.