कुशीवर निजलेला मॉनिटर
उदबत्तीचा वास आला की मला आर्वीजवळच्या आमच्या शाळेतला जुना कॉम्प्युटर आठवतो. मुख्याध्यापकांच्या दीडशहाण्या मेहुण्याने त्यात मोबाइलचं अँड्रॉइड भरलं होतं. बारापर्यंत हजेरी वर पाठवायची होती, तरी आधी कॉम्प्युटरला हार घालून, उदबत्ती लावून नारळ फोडला. मग हजेरीचं ॲप उघडलं, तर पडद्यावर सगळी नावं कुशीवर पडल्यासारखी आडवी. "हे काऊन आडवं झालं बे?" सर खेकसले. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मॉनिटरच आडवा करा ना!" सरांनी खरंच तो कुशीवर निजवला, वीट लावून टेकवला आणि सगळ्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मूर्खांची मी अजूनही घरी टर उडवते. फक्त ती वीट धावत जाऊन मीच आणली होती, एवढं सांगत नाही.