प्रेशर कोणाच्या घराण्याचं

मी खामगावच्या एका शाळेत गणित शिकवते. चौतिसाव्या वर्षी जयंतीच्या रक्तदान शिबिरात मोठ्या हौसेनं रक्त द्यायला गेले आणि हात हलवत परत आले. दंडाला पट्टा बांधणाऱ्या सिस्टरनं एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, धावत आलात का?"

मी स्कूटीवर आले होते. आकडा होता वर एकशे ब्याऐंशी, खाली एकशे आठ. रांगेत मागे माझेच दोन माजी विद्यार्थी उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "काही नाही बे, मॅडमले राग आला असंन." मनापासून म्हणाला. दहावीला त्यानं माझा राग जवळून पाहिला होता.

मला स्वतःलाही तसंच वाटलं. आमच्या घरात प्रेशर म्हणजे राग, आणि राग म्हणजे बाबा. बाबा डोणगावला वीजमंडळात लाइनमन होते. ते खांबावर चढून खाली उभ्या असलेल्या माणसाला रागावायचे तेव्हा ते पार बसस्टँडवर ऐकू जायचं. एकदा घरातला पंखा करकरत होता, तर त्यांनी तो रागानं काढून माळ्यावर टाकला आणि अख्खा मे महिना आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतला. "आपलं घराणंच तापट," असं ते अभिमानानं सांगत. आपल्याला बीपी आहे हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. कधी मोजलं नव्हतं, पण घरातला प्रत्येक वाद ते त्यावरच जिंकत. "माह्यं बीपी वाढवू नका," एवढं म्हटलं की आई निमूट उठून स्वयंपाकघरात जायची.

आई त्यांच्या अगदी उलट. वडनेर भोलजीची. शांत, कमी बोलणारी, दुपारी थोडा वेळ आडवी पडणारी. तिचं सगळं माहेरच तसं. "तुह्या आईकडचे लोक म्हणजे बर्फ," असं बाबा म्हणत, आणि त्यात कौतुक नसे.

खामगावच्या डॉक्टरांनी मला एक गोळी दिली. मग दोन, मग तीन. आकडा जागचा हलेना. शिवाय पोटऱ्यांत असे गोळे यायचे की फळ्यासमोर उभ्याउभ्या मी खडू चावायची. रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी निघालं. तेव्हा त्यांनी मला अकोल्याला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला जरा अपमानच वाटला. माझी किडनी काय वाईट वागली होती?

ते डॉक्टर वयानं माझ्याहून लहान होते. माझा अहवाल ज्या लिफाफ्यात आला त्याच्याच पाठीवर त्यांनी चित्र काढलं. "किडनी रोज रक्तातलं मीठ गाळते," ते म्हणाले, "आणि लागेल तेवढं परत आत घेते. परत घेण्याचं जे शेवटचं दार आहे ना, ते काही लोकांत नीट बंदच होत नाही. मीठ आत येत राहतं. मिठामागे पाणी येतं, पाण्यामागे प्रेशर. आणि त्या गडबडीत पोटॅशियम बाहेर जातं. तुमचं तसं असावं अशी शंका आहे. हे जन्मतःच असतं, आईकडून नाही तर वडिलांकडून येतं. घरात कोणाला बीपी?"

"वडिलांना," मी लगेच म्हणाले. "खूप."

"किती असतं?"

"मोजलं नाही कधी. ऐकू येतं."

ते हसले नाहीत. म्हणाले, मोजून आणा. आई आणि वडील दोघांचंही.

रविवारी मशीन विकत घेऊन मी डोणगावला गेले. बाबा ओसरीवर खुर्ची टाकून, बाही वर करून तयारच बसले होते. एवढ्या वर्षांच्या त्यांच्या म्हणण्याला आज पुरावा मिळणार होता. शेजारच्या काकांनाही त्यांनी बोलावून ठेवलं होतं. पट्टा फुगला, उतरला. एकशे चोवीस, खाली अठ्ठ्याहत्तर.

"हे किती झालं?" बाबांनी विचारलं.

"चांगलं आहे बाबा. एकदम नॉर्मल."

"नॉर्मल कायचं? पुन्हा लाव."

पुन्हा एकशे बावीस. तिसऱ्यांदा मोजायच्या आधी त्यांनी मुद्दाम शेजारच्या काकांशी बांधावरून भांडण उकरून काढलं, तरी एकशे अठ्ठावीसच्या वर काही गेलं नाही. काका चहा न घेता निघून गेले. बाबा मशीनकडे असे बघत होते की मला त्या पंख्याची आठवण झाली.

"सेल उतरले याचे," ते म्हणाले. "तुह्या आईले लावून पाह्य. ते थंड हाय. तिचं बराबर दाखवते का, त्यावरून समजते."

आई कणकेचे हात धुऊन आली, पदराला पुसत बसली. "मले कायले?" एवढंच म्हणाली. पट्टा फुगायला लागला आणि फुगतच राहिला. मशीनचा आवाज बदलला. एकशे शहाण्णव, खाली एकशे बारा.

"पाह्य!" बाबा आनंदानं ओरडले. "म्या सांगतलं ना, मशीन खराब हाय!"

मी पट्टा सोडवला. आईला उठवलं, चपला घालायला लावल्या आणि दवाखान्यात नेलं. बाबा मागून आले, मशीन बगलेत मारून, ते परत करायच्या तयारीनं. तिथल्या सिस्टरनं पाऱ्याच्या जुन्या यंत्रावर मोजलं. एकशे चौऱ्याण्णव. मग बाबांचंही मोजलं. एकशे चोवीस.

परत येताना रस्ताभर बाबा स्वतःशीच हळू आवाजात आकडे पुटपुटत होते. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. घराजवळ आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "म्हणजे मले बीपी नाहीच?"

"नाही."

"मग मी एवढा चिडतो काऊन?"

मी त्यांच्या बगलेतलं मशीन काढून घेतलं.

आईचं रक्त तपासलं, तिचंही पोटॅशियम माझ्यासारखंच कमी निघालं. पुढे आम्हा दोघींचे नमुने डॉक्टरांनी बाहेरगावी पाठवले आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं. दार तेच, बिघाडही तोच. डॉक्टर म्हणाले, "आता आईच्या माहेरचे सगळे तपासा. ज्याला हे आहे त्याच्या प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी असते."

"नाण्यासारखं," मी म्हणाले.

"तुम्ही गणिताच्या ना? हो, नाण्यासारखं."

मी माझी जुनी गाडी काढली आणि आईला घेऊन वडनेरला निघाले. बाबा न विचारताच पुढच्या सीटवर येऊन बसले. नवी पँट, नवा शर्ट, खिशाला पेन. प्रेशर त्यांच्या घराण्याचं नाही असा निकाल लागला होता आणि तो सासुरवाडीला स्वतः वाचून दाखवायची संधी ते सोडणार नव्हते. नांदुऱ्यापर्यंत त्यांची तयारी चालली होती. "म्हणे बर्फ! आता सांगतो ना मी."

वडनेरला धाकटा मामा आणि मावशी दोघंही होते. मी मशीन काढलं आणि किडनीच्या दाराची गोष्ट जमेल तशी सांगितली. मावशीचं एकशे तीस भरलं. मग मामानं हात पुढे केला. दोनशे चार.

"हो का?" मामा म्हणाला. "असंन." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागला.

बाबांनी घसा साफ केला. त्यांचं भाषण आता सुरू होणार होतं. तेवढ्यात आई बोलली.

"दादाचंबी हेच असंन का गं?"

दादा म्हणजे माझा मोठा मामा. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो ओट्यावर चहा पिता पिता कलंडला आणि गेला. ना आजारी होता, ना कधी कोणावर चिडलेला. सारं गाव म्हणालं होतं, भला माणूस, सुखानं गेला. माझे आजोबाही तसेच गेले होते, बसल्या जागी.

"असेल आई," मी म्हणाले. "आता कसं सांगता येईल?"

"सुखानं गेला म्हणत होते सगळे," आई म्हणाली. "मीबी म्हणत होती."

मावशीनं डोळ्याला पदर लावला. मामाचा अडकित्ता थांबला. बाबांनी खिशातलं पेन काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. त्यांचं भाषण काही झालं नाही.

मी मामाला म्हणाले की अकोल्याला जायला हवं. मामा म्हणाला, "जाऊ ना. सोयाबीन निघालं का जाऊ. काही तरास त नाही मले."

आणि मग बाबा उठले. आयुष्यभराचा जमवलेला तो आवाज त्यांनी लावला. "सोयाबीन? आकडा दोनशे चार अन् तुले सोयाबीन सुचून राह्यलं? तुह्या भावालेबी काही तरास नव्हता! उठ बे! गाडीत बस! आत्ताच्या आत्ता!"

समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. गोठ्यातली म्हैस उभी राहिली. आमच्या माहितीत मामानं कधी कुणाचं ऐकलं नव्हतं. भांडायचा नाही, फक्त हो म्हणायचा आणि करायचं नाही. त्या दिवशी तो अडकित्त्यासकट गाडीत येऊन बसला. अकोल्यापर्यंत बाबा मागं वळून वळून त्याच्यावर नजर ठेवत होते, जणू तो धावत्या गाडीतून उडी मारणार होता.

मामाचंही तेच निघालं. डॉक्टरांनी माझ्या आधीच्या गोळ्या बदलल्या आणि आम्हा तिघांना ते दार बंद करणारी वेगळी गोळी दिली. जुनीच आणि साधी गोळी, पण आमच्या बिघाडाला नेमकी लागू. मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं. पोटॅशियम आता उलट वाढू नये म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. महिन्याभरात माझा आकडा एकशे तीसच्या खाली आला आणि पोटऱ्यांतले गोळे गेले. मामाला जरा जास्त वेळ लागला. त्याच्या दोन मुलांपैकी मोठीत हे निघालं, धाकट्यात नाही. माझ्या भावातही नाही. "मले काऊन नाही?" असं त्यानं फोनवर विचारलं तेव्हा वाटणीत डावलल्यासारखा त्याचा स्वर होता.

सगळ्यात मोठा बदल आईत झाला. तिचं दुपारचं आडवं पडणं थांबलं. पायात जोर आला. मग एके दिवशी सकाळी, मी शाळेत जायच्या गडबडीत असताना बाबांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"तुही आई सकाळपासून मले बोलून राह्यली."

"काय झालं?"

"काही नाही. ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून. अर्धा तास झाला. मधी मी म्हटलं का माह्यं बीपी वाढून राह्यलं, त म्हणते कशी, एकशे चोवीस हाय तुमचं, मले माहीत हाय."

मागून आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. एवढी वर्षं ज्याला आम्ही शांतपणा समजत होतो त्यातला किती शांतपणा होता आणि किती नुसता थकवा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मग आता काय करणार बाबा?" मी विचारलं.

"काय करन? टॉवेल वाळू घालून राह्यलो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.