गव्हाएवढा चुना

समस्त भंडारा जिल्ह्याला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सृष्टी निर्माण झाल्यापासून चुन्याएवढी थोर वस्तू दुसरी झालेली नाही. हे मत माझ्या मामीचं. ज्यांना ते मान्य नसे, त्यांनाही तिच्या घरी चहा मिळे, साखर कमी.

मामी मोहाडीतल्या विणकराघरची. लहानपणी माझा दुधाचा दात पडला की गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात कालवून माझ्यापुढे येई. कोंबडीनं पातळ कवचाचं अंडं घातलं, की कोंबडीलाही चुना. एकदा मामांना खोकला झाला तेव्हाही चुन्याची डबी निघाली होती. मामा ताबडतोब बरे झाले. "बुढीनं मले जन्मभर चुनाच लावला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यावर मामी डबीचं झाकण तेवढं जोरात लावायची.

अशी ही मामी गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला भिंत रंगवताना घसरली. कशावरून, ते सांगायलाच हवं का? सांडलेल्या चुन्यावरून. उजवं मनगट मोडलं. मागावर माझ्या लेकीच्या लग्नाचं पातळ अर्धं होतं आणि त्याला ती दुसऱ्या कुणाचा हात लागू देईना. प्लास्टर निघालं तरी हाड जुळलेलं नव्हतं. हातात मागाचा धोटा धरवेना.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, जेवता काय?"

"भात. वरणाचं पाणी. अन् चुना."

"पाणी? आणि डाळ?"

"डाळ खाली बसते. ते ह्याइले अन् पोराइले लागते ना."

बाईंनी समजावलं. दात असो की हाड, शरीर आधी प्रोटीनचं जाळं विणतं. तुमचा चुना, म्हणजे कॅल्शियम, त्यावर येऊन बसतो, तेव्हा ते टणक होतं. मोडलेलं हाड जुळतानाही आधी जाळंच लागतं. जाळंच नसेल तर चुना बसणार कुठे?

सूत ताठ व्हावं म्हणून विणकर ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावतात; तीच मामीला आठवली असावी.

"म्हणजे ताणा लावलाच नाही, अन् मी नुसती खळ मारून राहिली?"

त्या दिवशी मामांनी जन्मात पहिल्यांदा पळी पातेल्याच्या तळापर्यंत घातली आणि घट्ट वरण मामीच्या ताटात वाढलं.

"काहून एवढं वाढून राहिले?"

"खाय. ताणा हाय तो."

मग डाळ झाली, तलावातली मासोळी झाली, उकडलेली अंडीही झाली. हाड जुळलं. लेक तेच पातळ नेसून बोहल्यावर चढली. मामीनं मात्र हार मानली नाही. "डाळीनं आधार देल्ला," ती म्हणे, "जुळवलं चुन्यानंच." मामा म्हणत, "डाळीनं." हा वाद रोज जेवताना व्हायचा आणि तळाची पळी रोज मामीच्याच ताटात पडायची.

यंदा उन्हाळ्यात मामी झोपेतच गेली. राख सावडायला आम्ही वैनगंगेवर गेलो. आगीत हाडांतलं प्रोटीनचं जाळं जळून जातं. मागे राहतं ते पांढरं आणि ठिसूळ. मामांनी उचललेल्या तुकड्याचा बोटांतच चुरा झाला. सगळे खाली माना घालून उभे. मामा बोटांवरची पांढरी भुकटी बघत राहिले आणि भर घाटावर ओरडले,

"घ्या! डाळ जळली, चुनाच राहिला! जितली रे बुढी!"