वरची ओळ 'हाय', खालची 'ईये'

माझ्या मेहुण्याला गोष्टी रंगवून सांगण्याची सवय आहे आणि आमच्या घरातल्यांना त्या तशाच ऐकून घेण्याची. एकाच प्रकरणाच्या दोन गोष्टी तो सांगतो. पहिलीत मी रागाच्या भरात माझ्या पत्नीचा खेळ पुसून टाकला. दुसरीत त्याची भरपाई म्हणून तिला खेळाचा शेवट रचून सांगितला. दोन्ही खोट्या आहेत. माजलगावच्या कोर्टात उभा जन्म वकिली केलेला माणूस मी. पहिलीतला आरोप मला मान्य नाही आणि दुसरीतले कौतुकही नको.

परदेशी वस्तू तालुक्याच्या गावापर्यंत पोचू लागल्या होत्या, ते दिवस. मेहुण्याचा मुलगा पुण्यात नोकरीला होता. कंपनीने त्याला प्रशिक्षणासाठी जपानला धाडले. येताना त्याने तळहाताएवढे एक खेळाचे यंत्र आणले आणि ते आत्याला देऊन टाकले. खेळ फार जुना, तिकडे घरोघरी माहीत असलेला. या लहान यंत्रासाठी तो नव्याने घडवला आहे, असे तो म्हणाला. चार वाटसरू गावोगाव हिंडतात, राक्षसांशी लढतात, धर्मशाळेत मुक्काम करतात आणि अखेर समुद्रापलीकडच्या किल्ल्यात शिरतात. अक्षरे सगळी जपानी.

"आत्या, एवढंच ध्यानात ठेव. चौकटीत दोन ओळी आल्या की वरची 'हाय', खालची 'ईये'."

"तिकडं बी हायच म्हणत्यात?" ती खळखळून हसली. "मंग आपलंच हाय की सगळं!"

'हाय' म्हणजे तिकडे 'होय' आणि 'ईये' म्हणजे 'नाही', हे सांगायचे त्या शहाण्याला सुचले नाही. तिने आपल्या बोलीप्रमाणे अर्थ लावला: 'हाय' म्हणजे आहे ते असू द्या, 'ईये' म्हणजे ये, नवीन काही येऊ दे. धर्मशाळेत जागा हाय, दुकानात तलवार हाय. तिचा अर्थ कुठेच अडला नाही. एक अक्षर न वाचता ती किल्ल्यासमोर जाऊन पोचली.

त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. ती सकाळी गच्चीवर उन्हात बसून खेळे. पडदा अंधुक दिसतो अशी तिची तक्रार सुरू झाली, तेव्हा यंत्रच तसे आहे, असे आम्ही सगळे म्हणालो. मेहुणाही म्हणाला, ते मात्र तो सांगत नाही. अंबाजोगाईच्या दवाखान्यात कळले की साखर डोळ्यांत उतरली आहे. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेली किती टिकेल, याची हमी कोणी देत नव्हते.

परतीच्या एसटीत तेलगाव मागे पडल्यावर ती एवढेच बोलली, "किल्ल्यापस्तोर आलेय मी. आत कोण हाय ते माझ्या डोळ्यानं बघायचंय. मंग काय व्हायचं ते हू द्या."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर तिला ओळी दिसेनात. तिने यंत्र माझ्या हाती दिले. मेहुणा शेजारी चहा पीत होता. सुरुवातीच्या यादीत मी एक ओळ खाली सरकलो असेन, चौकट उघडली.

"दोन ओळी आल्यात," मी म्हणालो.

"बघा बरं दाजी, वकिलाला बी वाचता येईना व्हय?" मेहुणा म्हणाला.

"तू गप रे," ती त्याला म्हणाली. "अहो, वरची दाबा. हाय. हाय ते तसंच ऱ्हाऊ द्या."

मी वरची दाबली. यंत्राने 'साठवलेला खेळ पुसू का?' असे विचारले होते. आम्ही 'होय' म्हणालो होतो.

हा उलगडा मेहुण्याच्या मुलाने नंतर फोनवर केला. बोट माझे होते, हे मी कधीच नाकारले नाही. राग मात्र नव्हता, आणि ज्याच्या देखत हे घडले तोच आता राग होता म्हणतो.

खेळ आम्ही पहिल्यापासून मांडला. कळा माझ्या हाती, वाट तिच्या आठवणीत. "लाल छपराच्या घरामागं विहीर हाय, तिथनं उतरा." विहीर सापडली. पुढची गावे सापडली. समुद्राच्या काठाशी मात्र आम्ही अडलो. पलीकडे जायला नाव हवी होती.

"म्हातारा देतो की नाव," ती म्हणाली.

"कोणता म्हातारा?"

"दाढीवाला."

"सगळ्यांनाच दाढी आहे."

"तुमच्यासारखा, तोंड वाकडं केलेला."

मी त्या राज्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्यापुढे उभा राहिलो. नाव मिळाली नाही. तिला चेहरा पाहून ओळख पटली असती. पण चेहरा पाहण्यापुरतीही नजर आता उरली नव्हती आणि मला त्याचे वर्णन करता येत नव्हते.

मेहुण्याच्या दुसऱ्या गोष्टीत इथे म्हणे मी तिला किल्ला, युद्ध, विजय असे सगळे रचून सांगितले आणि ती समाधानाने हसली. मला शेवट ठाऊक नव्हता आणि आजही नाही.

घडले ते असे. तिने विचारले, "कुठं आलो?"

"काठावरच."

"कालच्याच?"

"कालच्याच."

तिने यंत्र माझ्या हातातून घेतले, डोळ्यांशी नेले, उन्हाकडे तिरपे केले. मी तिचा खांदा धरून तिला थोडे वळवले, तरी काही फरक पडला नाही. मग ती पडद्यावर बोट फिरवू लागली.

"पाणी हितनं सुरू होतंय ना?"

तिचे बोट जमिनीवर होते. मी ते धरले आणि पाण्यावर नेऊन ठेवले. त्यापलीकडे मला काहीही करता आले नाही.