लाल, पिवळा, हिरवा आणि काकूंचा बर्फ

फ्रिजच्या मागे प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे आमच्या मंडळात किस्से साठलेत. मुद्दाम कोणी जमवले नाहीत. आणि लोकांना वाटतं, सगळे किस्से बाबा-महाराजांचे असणार. छे हो! बाबा बिचारे येतात, हरतात, चहा पिऊन जातात. खरी मजा टीकाकारांची!

आधी थोडक्यात सांगते. विक्रोळीचे आमचे कांबळे सर कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. रिटायर झाले आणि मिळालेल्या पैशातली एक मोठी एफडी त्यांनी बक्षीस म्हणून जाहीर केली. अंगात अलौकिक शक्ती आहे असं म्हणणाऱ्याने आमच्यासमोर यावं, सिद्ध करावं आणि एफडी घेऊन जावं! परीक्षा एकदम सोपी. स्टीलचे पाच डबे उपडे ठेवायचे, एकाखाली घड्याळाचा सेल. कुठल्या डब्याखाली आहे ते सांगायचं. असं दहा वेळा.

मंडळात आम्ही तिघंच. सर, अंधेरीच्या स्टुडिओत लायटिंग करणारा परब, आणि मी सुषमा, घाटकोपरच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढणारी. चौथ्या लताकाकू, म्हणजे सरांच्या मिसेस. पण त्या मंडळात नाहीत, त्या विरोधी पक्षात! त्यांना त्या एफडीतून काश्मीरला जायचंय. आयुष्यात एकदा बर्फ हातात घ्यायचाय. सरांनी कबूल केलं होतं, "पाच वर्षांत कोणी जिंकलं नाही तर मोडू." त्याला आता अकरा वर्षं झाली.

सरांची कारखान्यातली सवय काही सुटली नाही. कोणी आमच्या बक्षिसावर टीका केली की त्याला फॉर्म द्यायचा. तीन प्रश्न: नियम वाचलेत का? परीक्षा स्वतः पाहिलीय का? तुमचं म्हणणं आमच्यासमोर सिद्ध करून दाखवाल का? उत्तरं बघून टीकेला टॅग लागणार. लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे दुरुस्ती हवी, हिरवा म्हणजे पास. अकरा वर्षांत हिरव्या टॅगचं बंडल सुटलंसुद्धा नव्हतं.

* * *

मुलुंडचे एक गृहस्थ आले. म्हणे, "बक्षीस-बिक्षीस काही नाही, सगळी थाप आहे!"

सरांनी एफडीची पावती दाखवली.

"ही झेरॉक्स आहे."

सरांनी ओरिजिनल काढली.

"छापून घेतली असेल. आजकाल काहीही छापून मिळतं."

आता सरांचंही डोकं फिरलं. "चला, बँकेत जाऊ!" भर उन्हात त्यांना रिक्षात घालून बँकेत नेलं. बँकेला टाळं. दुसरा शनिवार होता, सरांच्या लक्षातच नाही!

गृहस्थ विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा! बँकसुद्धा बंद पडली!"

* * *

घाटकोपरचे एक ज्योतिषी तर फॉर्म बघूनच भडकले. "तुमचे नियम पक्षपाती आहेत. शक्ती असलेल्या माणसाचा अपमान करायला बनवलेत."

सर म्हणाले, "वाचलेत का?"

"मला वाचायची गरज पडत नाही. मला दिसतं."

"अरे वा! मग चार नंबरच्या नियमात काय आहे?"

ज्योतिषीबुवांनी डोळे मिटले, बोटं कपाळाला लावली. "चार नंबरमध्ये... चार नंबरमध्ये तर अपमानाची हद्द केलीय!"

चार नंबरचा नियम असा आहे: येणाऱ्याला चहा आणि पोहे मिळतील. परब हसता हसता सोफ्यावरून खाली आला. मी त्याला उचललासुद्धा नाही, माझीच वाट लागली होती.

* * *

सगळे टीकाकार असेच असतात असं नाही हं. एक सायन्सचे प्रोफेसर आले होते, अगदी आमच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, अशी बक्षिसं लावून तुम्ही या लोकांना उगाच भाव देता. मुद्दा खरंच विचार करण्यासारखा होता. फक्त परीक्षा त्यांनी कधी पाहिली नव्हती. सरांनी पिवळा टॅग दिला.

पुढच्या रविवारी प्रोफेसर परत हजर. त्याच्या पुढच्या रविवारीही. आम्हाला वाटलं, परीक्षा बघायला येत असतील. कसलं काय! तिसऱ्या वेळी ते काकुळतीला येऊन म्हणाले, "रिचेकिंगची सोय नाही का हो? मला शाळेपासून कधी सेकंड क्लास मिळालेला नाही!"

* * *

परबची आई गावाहून आली होती. लेक देवाधर्माची परीक्षा घेतो हे कळल्यावर म्हातारी तरातरा विक्रोळीला आली आणि सरांच्या हॉलमध्ये उभी राहून म्हणाली, "आमचो देवचार तुमच्या बक्षिसाक हात लावचो नाय. तेचा बँकेत खाता खय आसा?"

देवचार म्हणजे कोकणातल्या गावाचा राखणदार. त्याचं खातं कुठल्या बँकेत असणार? परबचा चेहरा पडला. सर मात्र गंभीर. दुपारभर येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे. ज्याला पैशाचा उपयोगच नाही तो बक्षिसासाठी येईल कशाला?" पिवळा!

म्हातारीने तो टॅग जाताना केसात माळला.

* * *

काकूंचीही टीका होतीच की. "बस झालं आता. मोडा ती एफडी!" पण एफडी मोडण्यात काकूंचा फायदा, म्हणून फॉर्म न देताच दरवर्षी लाल टॅग. काकू तो कुकरच्या हँडलला बांधून ठेवायच्या. आम्ही हसायचो. मीसुद्धा. आज त्याची लाज वाटते.

तर गेल्या महिन्यात अंधेरीच्या एका पोराचा अर्ज आला. स्टेजवर मनं ओळखायचे शो करणारा, एकदम स्मार्ट. म्हणे, ही ट्रिक नाही, खरी शक्ती आहे. शंका एकच विचारली होती: "ज्यांनी सेल लपवला ते सर समोर बसणार ना?"

"किती प्रामाणिक पोरगा!" सर खूश. "स्वतःहून म्हणतो, माझ्यावर लक्ष ठेवा."

परीक्षा रविवारी. शनिवारी दुपारी आम्ही तयारी करत होतो. काकू चहा घेऊन आल्या, अर्ज वाचला आणि ट्रे हातातच धरून म्हणाल्या, "अहो, याच्यासमोर तुम्ही बसायचं नाही."

"का?"

"हा माझा बर्फ घेऊन जाईल."

"झालं! परत बर्फ!" सरांनी लाल टॅग मागितला. मी तो दिलासुद्धा. तेव्हा काकूंनी ट्रे ठेवला आणि हात पुढे केला. "टॅग राहू दे. फॉर्म दे."

अकरा वर्षांत पहिल्यांदा काकूंनी फॉर्म मागितला होता. मी वाचत गेले.

"नियम वाचलेत का?"

"दरवर्षी फेअर कॉपी कोण करतं?"

"परीक्षा स्वतः पाहिलीय का?"

"सगळ्यांना चहा कोण देतं? एकही चुकलेली नाही."

"तुमचं म्हणणं सिद्ध करून..."

"मांडा डबे!"

काकू परबबरोबर स्वयंपाकघरात गेल्या. सरांनी सेल लपवला आणि नेहमीसारखे पायावर पाय टाकून समोर बसले. काकू आल्या. डब्यांवरून सावकाश हात फिरवत नेला. "हा." बरोबर! पुन्हा लपवला. "हा." बरोबर! सात झाले, आठ झाले. मी डबे उलटेपालटे करून बघितले, कुठे खूण नाही की पोचा नाही. दहापैकी दहा! सरांना घाम फुटला.

परब हात जोडूनच उभा. "काकू, तुमच्या अंगात..."

"अंगात काही नाही रे मेल्या. यांचा डावा पाय बघ. बसले की सारखा हलतो, लग्नाच्या आधीपासून! माझा हात बरोबर डब्यावर आला की थांबतो."

येणाऱ्याच्या बाह्या, अंगठ्या, मोबाईल, सगळं आम्ही तपासायचो. स्वतःकडे बघायचं कधी सुचलंच नाही! काकू कप भरत म्हणाल्या, "आजवर आलेले सगळे महाराज ध्यान लावून, डोळे मिटून बसले, म्हणून वाचलात."

रविवारी सरांची रवानगी स्वयंपाकघरात, पोहे परतायला. सेल परबने लपवला आणि तोही आत जाऊन बसला. हॉलमध्ये मी, आणि मलाही सेल कुठे आहे ते माहीत नाही. त्या पोराचे दहापैकी दोन आले. डब्यागणिक विचारत होता, "सर कुठे आहेत? सर येणार नाहीत का?"

तो गेल्यावर सरांनी हिरवं बंडल सोडलं. पहिला टॅग काढला, त्यावर स्वतःच्या हाताने नाव लिहिलं आणि काकूंना दिला. "लता, चुकलो गं," म्हणाले.

काकूंनी टॅग बघितला, पदराच्या टोकाला बांधला आणि नियमांचा कागद सरांच्या पुढ्यात ठेवला. "आता एक नंबरचा वाचा. मोठ्याने."

सर वाचू लागले. "जी व्यक्ती आमच्यासमोर दहापैकी किमान आठ वेळा सेल ओळखेल, तिला बक्षीस दिले जाईल."

"शक्तीनेच ओळखला पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

सरांनी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मी आणि परब, दोघंही खाली बघत होतो. सरांचा डावा पाय थांबला.

काकू माझ्याकडे वळल्या. "सुषमा, मुलुंडला स्वेटर कुठे चांगले मिळतात गं?"