चार आवाज आणि दोन कूलर

खऱ्या सुरापुढे सत्ता, संपत्ती आणि मानमरातब यांना मान झुकवावीच लागते. एप्रिलमधल्या त्या संध्याकाळी चंद्रपूरच्या सभागृहात त्यांनी ती झुकवली, मुख्यत्वे हार घालून घेण्यासाठी.

कार्यक्रम माझ्या भाचीच्या बँडचा होता. निमंत्रणपत्रिकेत मात्र बँड शोधावा लागत होता. वर उद्घाटक, खाली अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, आणि अगदी तळाशी, छपाईवाल्याच्या जरा वर, ‘सुमधुर गायन’.

बँड म्हणजे तीन मुली आणि एक मुलगा. इंडी पॉप, म्हणजे कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधलेलं पॉप. गाणी स्वतः लिहायची, चाली स्वतः लावायच्या आणि चौघांनी एकदमच गायची. शब्द तेच, पण प्रत्येकाचा सूर वेगळ्या उंचीवरचा. सोबत एक गिटार आणि एक लाकडी खोकं. मुलगा त्याच्यावर बसतो आणि तेच हातांनी वाजवतो. मला हा प्रकार आवडतो, कारण त्यात एक जण पुढे उभा राहून बाकीच्यांना ‘साथीदार’ म्हणत नाही.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाईच म्हणतो, आरमोरीकडच्या गावाहून एसटीने आली होती. तिला इंडी काय आणि पॉप काय, कशाशी देणंघेणं नव्हतं. तिची तक्रार एकच होती आणि ती तीन वर्षं जुनी होती. मुलीची गाणी ती मोबाइलवर रोज लावायची, पण त्या चार आवाजांत आपली मुलगी कोणती, हे तिला ओळखू येत नव्हतं. भाची सगळ्यात खालचा सूर गाते.

“मी नसली तं गाणं पोकळ लागते, आई,” भाचीने तिला समजावलं होतं.

“मंग तू हायेस ते कसं समजाव?”

तेच समजून घ्यायला बाई आली होती, आणि सभागृहात शिरतानाच तिने मला सांगून ठेवलं, “आज मले तिचा आवाज ऐकाचा हाये. बाकी काई नाई.”

सभागृहात स्टेजच्या दोन्ही बाजूंना दोन लोखंडी कूलर होते. एखादी धानगिरणी शेजारी सुरू असावी तसा त्यांचा आवाज. दीपप्रज्वलनाच्या वेळी वाऱ्याने वात विझू लागली, तेव्हा संयोजकांनी दोन्ही कूलर बंद करवले. पाच ज्योती लागल्या, फोटो झाले, कूलर पुन्हा सुरू झाले आणि ज्योती लगेच विझल्या. फोटो झालेले असल्यामुळे त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

मग सत्कार. एप्रिलच्या चंद्रपुरात माणसाच्या खांद्यावर शाल टाकणे हा सन्मान आहे की सूड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाहुण्यांनी पाहुण्यांचा सत्कार केला, उरलेल्या पाहुण्यांनी सत्कार करणाऱ्यांचा केला. भाषणांत युवाशक्ती आली, जंगल आलं, वाघ तर येणारच. युवाशक्ती तोवर विंगेत उभी राहून गिटारच्या तारा पुन्हा पुन्हा जुळवत होती, कारण उकाड्याने त्या उतरत होत्या.

अखेर बँड आला. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चार तोंडं हलत होती, ऐकू येत होता एकच आवाज. मधली मुलगी गात होती आणि बाकीचे तिघं पाण्याबाहेरच्या मासोळीसारखे तोंड उघडून मिटत होते.

“आपली गाऊन राह्यली का नुसती उभी हाये?” बाईने विचारलं.

मी उठून साउंडवाल्याच्या टेबलाकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, आत्मविश्वास पाहुण्यांपेक्षाही जास्त. धान कापून झालं की झाडीपट्टीच्या, म्हणजे या धानाच्या मुलखातल्या रात्रभराच्या संगीत नाटकांना तो माइक सांभाळतो. तिथली रीत अशी की ज्याचं गाणं त्याचा माइक वर, बाकीच्यांचे खाली. हिरॉइन गात असताना दुसऱ्या कुणाचा खोकलासुद्धा मंडपात जाता कामा नये.

“भाऊ, बाकीचे तीन माइक?”

“कमी केले.”

“काऊन?”

“हे तिघं मधातच गाऊन राह्यले जी. मेन सिंगर दबून राह्यली होती. मी बराबर केलं.”

“अहो, चौघांनी एकदम गायचं, असंच आहे ते.”

त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “एकाच्या टायमात दुसरा गायला का नाटक पडते, साहेब. माह्या हातून आजवर एक नाई पडलं.”

गाणं संपलं. टाळ्या शाळेच्या बक्षीस समारंभात पडतात तेवढ्या पडल्या. भाचीने स्वतःच्या माइकवर बोटाने टकटक केलं. काहीच ऐकू आलं नाही. तिने मधल्या मुलीच्या माइकमधून हाक दिली, “भाऊ, चारही सारखे ठेवा.” दुसऱ्या गाण्याला त्याने चारही बटणं वर ढकलली, जणू म्हणत होता, घ्या, बघा काय होतं ते. माइक एकमेकांत शिट्ट्या मारू लागले. उद्घाटकांनी कानांवर हात ठेवले. साउंडवाल्याने विजयी चेहऱ्याने तीन बटणं परत खाली आणली.

तेवढ्यात संयोजक स्टेजच्या कडेला येऊन म्हणाले, “ताई, आता एकच गाणं. पाहुण्यांना निघायचं आहे.”

म्हणजे एवढी भाषणं ऐकल्यावर तीन गाणी, त्यातली दोन एका आवाजाची. माझ्या शेजारी बाई मोबाइल हातात धरून बसली होती. रेकॉर्डिंग सुरू होतं, पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती मुलीच्या ओठांकडे बघत होती.

भाचीने माइक स्टँडवरून काढला, बंद केला आणि जमिनीवर ठेवला. तिघांनीही ठेवले. चौघं चालत स्टेजच्या अगदी काठाशी आले. मुलाने खोकं ओढत आणलं. भाची मोठ्याने म्हणाली, “कूलर बंद करा!”

“असं कसं? पाहुणे बसलेत समोर,” संयोजक म्हणाले.

“दोन गाणी तुमच्या माइकवर झाली. हे आमच्या गळ्यावर होईल. कूलर बंद करा.”

“बेटा, गरम होईल त्यांना.”

तेव्हा बाई उठली. पहिल्या रांगेसमोरून, पाहुण्यांच्या गुडघ्यांना पदर लागेल इतक्या जवळून, ती डावीकडच्या कूलरपाशी गेली.

“अवो बाई, हात नका लावू!” संयोजक ओरडले.

“दिव्यासाठी बंद केला होता ना मघा?” बाई म्हणाली. “तो तं विझला. हे पोट्टे अजून हायेत.”

तिने बटण दाबलं. उजवीकडचा कूलर मी बंद केला. संयोजक आम्हा दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि कुणाकडे धावावं हे ठरेपर्यंत सभागृह शांत झालं होतं.

चौघं गायला लागले. गाणं एका बसथांब्याबद्दल होतं, जिथे बस थांबत नाही. आवाज मोठा नव्हता. पण चार सूर एकमेकांवर चढले की मध्ये पाचवाच एक सूर तयार होतो, जो त्यांच्यापैकी कुणीच गात नसतं, तो मी पहिल्यांदाच मोबाइलबाहेर ऐकला. मागच्या रांगांतली कुजबुज थांबली. साउंडवाला खुर्चीतून उठून पुढे आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. तो चूक शोधत होता, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

गाणं संपलं. पाहुणे निघायच्या बेताने उठले. भाचीने त्यांना नमस्कार केला आणि लगेच पुढचं गाणं सुरू केलं. संयोजकांनी हाताने खुणा केल्या. चौघांनी डोळे मिटून घेतले. गाताना डोळे मिटतात लोक. त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. उद्घाटक उभ्यानेच थांबले, मग बसले. घामाने डबडबलेला चेहरा त्यांनी सत्काराच्या शालीला पुसला. ठरवलेली सगळी गाणी झाली, एकही वगळलं नाही, आणि शेवटचं तर दोनदा झालं, कारण मागून कुणीतरी “वन्स मोअर” ओरडलं. तो साउंडवाला होता की काय, मला सांगता येणार नाही. पण तो पुन्हा टेबलाकडे गेला नव्हता.

बाई सगळा वेळ कूलरपाशीच उभी होती. बटणावर हात ठेवून, कुणी सुरू करायला येऊ नये म्हणून. माझ्याकडे परत आली तेव्हा मानेवर, कपाळावर, सगळीकडे घामाचं पाणी.

“आला का ऐकू?” मी विचारलं.

“आला.”

“चौघांत ओळखू आला?”

“आला म्हणतो ना. पहिल्याच कडव्यात आला,” बाई म्हणाली. “सर्दी झाली हाये तिले.”

भाची स्टेजवरून उतरून आमच्याकडे आली, आणि काही बोलण्याआधी तिला तीन शिंका आल्या.