तीनदा पुकारलं होतं

बाळांनो, परवा फोनवर माझा आवाज चढलेला ऐकून तुम्ही घाबरलात. तब्येत ठणठणीत आहे. डोकं फिरलं होतं, ते का, हे क्रमाने सांगते.

इथे मीरा रोडला रुग्णसेविका तयार करणारी एक छोटी संस्था आहे. आठवड्यातून दोनदा मी तिथल्या मुलींना इंग्रजी शिकवते. यंदा संस्थेने, अपंग मुलींना सामावून घ्यायचं म्हणून, ‘समावेश समिती’ काढली आणि तिचा अहवाल चांगल्या इंग्रजीत हवा, म्हणून मला तीत घातलं.

माझ्या वर्गात इथल्याच किनाऱ्यावरच्या पाली गावातली, मच्छीमार घरातली एक मुलगी आहे. तिला फार कमी ऐकू येतं; समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणं ओळखते. नाडी मोजण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नाही. प्रात्यक्षिक परीक्षेला ती सगळ्यांच्या आधी येऊन बाहेर बाकावर बसली होती. आमच्याकडे कारकून खोलीच्या आतूनच तीनदा नंबर ओरडतो. कोणी आलं नाही, की गैरहजर. हिचा नंबर शेवटचा, त्यामुळे कोपराने ढोसायला शेजारी कोणी उरलं नव्हतं. दारापासून चार पावलांवर बसलेली मुलगी गैरहजर ठरली! म्हणजे सहा महिने वाया, आणि भाईंदरच्या रुग्णालयात ठरलेली नोकरीही गेल्यात जमा.

मी तडक प्राचार्यांकडे गेले.

“मॅडम, नियम सगळ्यांना सारखा,” त्या म्हणाल्या. “आपण भेदभाव करतच नाही.”

“तिला ऐकू येत नाही, हे अर्जावर तुम्हीच लिहून घेतलंय ना?”

“हो, म्हणून तर तिला पहिल्या बाकावर बसवतो!”

कारकून मध्येच म्हणाला, “मैं तो गला फाड़ के चिल्लाया, मॅडम.”

कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय! वर प्राचार्या विचारतात, “अहवाल सोमवारपर्यंत होईल ना?”

“आधी तिची परीक्षा, मग अहवाल,” मी म्हटलं आणि कागद तिथेच टेबलावर ठेवून घरी आले.

दोन दिवस प्राचार्यांशी फोनाफोनी झाली. तुम्ही माझा आवाज ऐकलात तो त्यातलाच. शेवटी शनिवारी परीक्षा झाली. कारकुनाला उठून बाहेर यावं लागलं, तिच्या खांद्याला हात लावून बोलवावं लागलं. एवढंच. ती उत्तम गुणांनी पास झाली.

लगेच प्राचार्या मोबाइल घेऊन पुढे. “ये गं, तुझा फोटो काढू या. अहवालाच्या मुखपृष्ठावर घालू.”

पोरीने त्यांचे ओठ नीट पाहिले आणि मान हलवली. “न्हाय मॅडम. फोटो नको. तो नंबर भायेर फळ्यावर लिवा. माज्यासारखी दुसरी कोन येल ना.”

प्राचार्या माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच पढवलं होतं. कारकून मात्र उठला आणि खडू शोधायला लागला.